‘एक चान्स घ्या, मग पिशवी काढून टाका’

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुझी ताई २५ वर्षांची. लग्न झालं तेव्हा जेमतेम १७ पूर्ण. नवरा आत्याचाच मुलगा. दोन मुली, थोरली सहा वर्षांची, धाकटी तीन. गेल्या हंगामात ऊसतोडीला फडावर असताना दिवस गेले होते, ते तिसऱ्या महिन्यात आपोआप खाली झाले. तेव्हापासून पाळी आठ-नऊ दिवस जाते, गाठी पडतात, एरवी अंगावरून पांढरं जातं, कंबर भरून येते. तालुक्याला सोनोग्राफी केली. ‘पिशवीला सूज आहे, जखम आहे, काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेलं. हिमोग्लोबिन ८.२ आलं. सासूबाई म्हणतात, आधी एक चान्स घ्या, मुलगा झाला की पिशवी काढून मोकळं व्हा. उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, घेऊन झाली आहे, दसरा झाला की टोळी निघणार. आणि तू विचारतेस, ‘मॅडम, आधी मूल होऊ द्यावं की आधी पिशवी काढावी?’

आत्ता या दोन्हींपैकी काहीच करायचं नाही. आधी नीट तपासणी, मग अंगात रक्त, आणि मग ताईला स्वतःला काय हवंय ते. दसऱ्याला अजून अडीच महिने आहेत. या अडीच महिन्यांत करण्यासारखं पुष्कळ आहे, पण पिशवी काढणं आणि दिवस जाऊ देणं ही दोन कामं त्यात बसत नाहीत.

मी २७ वर्षं बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई, केज, धारूर या पट्ट्यात बायकांच्या दवाखान्यात बसते. श्रावण-भाद्रपदात माझ्या ओपीडीत एक ठरावीक गर्दी होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत सोनोग्राफीचे कागद, सोबत सासू किंवा जाऊ, आणि पहिलं वाक्य, ‘बाई, दसऱ्याच्या आत करून टाका.’ चैत्र-वैशाखात हीच बाई आली असती तर तिने औषध मागितलं असतं. शरीर तेच, दुखणं तेच. फक्त निघायची तारीख जवळ आलेली असते. ही घाई पिशवीची नसते, हंगामाची असते. हे एकदा तुझ्या लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं होईल, म्हणून त्यावर जरा थांबते.

तू ऊसतोडीच्या घरातली आहेस, तुला हे सांगायला नको. पण शहरात वाचणाऱ्यांना माहीत नसतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते, एकट्या माणसावर नाही. एक दिवस काम बुडालं की खाडा, आणि खाड्याचे पैसे हिशेबातून कापले जातात. बाई पहाटे तीनला उठते, चुलीवर भाकरी टाकते, दिवस उगवायच्या आत फडात जाते. नवरा तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीपाशी नेते. मोळी तीस-चाळीस किलोची. रात्री ट्रक आला की रात्रीच भरायचा. पाळी आली तरी कोपीत, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, आडोसा नाही, पाणी पाटाचं, कापड धुऊन ओलंच वापरायचं. अशा जागी पाच-सहा महिने काढले तर कुठल्याही निरोगी बाईला जंतुसंसर्ग होईल. आणि ज्या दिवशी पोटात कळ येऊन ती खाली बसते, त्या दिवशी घरच्यांच्या हिशेबात पिशवी म्हणजे खाडा होते. मग कुणीतरी सुचवतं, काढूनच टाका, म्हणजे पाळीही नाही, खाडाही नाही, दिवस जायची भीतीही नाही.

हे माझ्या मनाचं नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीसाठी बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा बायकांमागे एक. त्यानंतर जिल्ह्यात पिशवीच्या ऑपरेशनला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाकारण पिशवी काढण्याला आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांना लागू करायला सांगितली. तेव्हा ताईला कुणी ‘उद्या दाखल व्हा, परवा ऑपरेशन’ म्हणालं, तर ‘परवानगीचा कागद दाखवा’ एवढं विचारायला तू बिचकू नकोस.

आता ताईच्या पिशवीत खरंच काय असू शकतं ते बघू.

पांढरं जाणं. थोडं पांढरं प्रत्येक बाईला जातं. पाळीच्या मधल्या दिवसांत चिकट, अंड्याच्या पांढऱ्यासारखं, वास नसलेलं. तो आजार नाही. दह्यासारखं फुटकं आणि खाज असेल तर बुरशी. पातळ, करडं, माशासारखा वास असेल तर जिवाणूंचं संतुलन बिघडलेलं. हिरवट-पिवळं, फेसाळ, आग होत असेल तर आणखी एक जंतू, आणि तो नवऱ्याकडेही असतो. यातल्या प्रत्येकाची गोळी ठरलेली असते, आणि कोर्स एक-दोन आठवड्यांचाच. आत तपासणीचं उपकरण घालून पिशवीचं तोंड बघितलं की बहुतेक वेळा जागेवरच कळतं. तुझ्या पत्रात सोनोग्राफीचा उल्लेख तीनदा आहे, पण आतून तपासलं असं एकदाही लिहिलेलं नाही. तिथेच मला शंका आली. सोनोग्राफीत पांढरं जाण्याचं कारण दिसत नाही आणि पिशवीच्या तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सरही दिसत नाही.

तुझ्या ताईच्या रिपोर्टवर ‘बल्की युटेरस’ असं लिहिलं असणार. हे दोन शब्द मी हजारो कागदांवर वाचलेत. दोन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी कुमारिकेपेक्षा थोडी मोठी असतेच. त्याला सूज म्हणायचं आणि सूज आहे म्हणून काढायची, हे मला पटत नाही. ‘जखम’ म्हणतात तीही बहुतेक वेळा पिशवीच्या तोंडावरची लालसर जागा असते. आतलं नाजूक अस्तर बाहेरच्या बाजूला आलेलं असतं. पंचविशीत ते कितीतरी जणींना असतं. तो कॅन्सर नव्हे, आणि त्याचा पुढे कॅन्सरच होतो असंही नाही.

कॅन्सरचं नाव काढलं की घरातलं सगळं बोलणं थांबतं, म्हणून त्याचंही स्पष्ट सांगते. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, आणि संसर्गापासून कॅन्सरपर्यंत जायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. २५ व्या वर्षी तो फार क्वचित दिसतो. तपासणीचं वय तिशीपासून. आणि ही तपासणी किती उपयोगी आहे हे जगाला आपल्याच भागाने दाखवलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर टाटा रुग्णालय आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने काम केलं. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. आपल्या गावाकडच्या, लुगड्याच्या पदराने घाम पुसत आलेल्या बायका होत्या त्या. कॅन्सर टाळण्यासाठी त्यांना तपासणी पुरली. ताईला तीस झाल्यावर ती करून घे, आणि ताईच्या दोन्ही मुलींना वयाची नऊ वर्षं झाल्यावर एचपीव्हीची लस मिळेल एवढं बघ.

आता जास्तीचं रक्त. इथे मला पहिली शंका त्या खाली झालेल्या गर्भाची येते. ‘आपोआप झालं’ म्हणजे पूर्ण झालं असं नसतं. आत तुकडा राहिला, जंतू शिरले, तर पाळी अशीच बिघडते. दुसरं, थायरॉइड. तिसरं, पिशवीत गाठ. चौथं, रक्त गोठण्यातला दोष, जो कुणी तपासतच नाही. आणि या सगळ्यांच्या आधी, आता दिवस गेलेले नाहीत ना, हे लघवीच्या तपासणीने बघायचं. कारण सापडलं की उपाय असतात. पाळीच्या दिवसांपुरत्या घ्यायच्या, रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या, हार्मोन असलेली तांबी. पण औषधाला निदान तीन पाळ्या द्याव्या लागतात. तीन दिवस गोळ्या खाऊन ‘फरक नाही’ म्हणणं बरोबर नाही.

मी पिशव्या काढत नाही असं नाही. मोठ्या गाठी, कॅन्सर, उतारवयात खाली सरकलेली पिशवी, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव, अशा कारणांसाठी काढते आणि त्या बायका नंतर सुखी असतात. पण पंचविशीत काढण्याची किंमत काय असते तेही मी पाहिलंय. एक बाई माझ्याकडे आली, वय ३४. पाच वर्षांपूर्वी दुसरीकडे पिशवी काढलेली, सोबत दोन्ही बीजकोश, म्हणजे अंडाशयंही. ओट्यावरून पाय घसरला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने. अस्थितज्ज्ञाने हाडं बघून माझ्याकडे पाठवलं. ती सांगत होती, रात्री अंगातून वाफा निघतात, झोप नाही, कशात मन लागत नाही, नवऱ्याजवळ जावंसं वाटत नाही. आणि हे सगळं त्या ऑपरेशनमुळे झालंय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बीजकोश काढले की पाळी जाण्याचं वय त्याच दिवशी येतं, पन्नाशीला यायचं ते तिशीत. बीजकोश ठेवले तरी ते पुष्कळदा काही वर्षं आधी थकतात. कंबरदुखी मात्र तशीच राहते, कारण ती मोळीची होती.

सासूबाईंच्या ‘चान्स’कडे वळते. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांचंही लग्न चौदा-पंधराव्या वर्षी झालं असेल, त्यांनाही कुणी विचारलं नसेल. पण चान्स हा शब्द मला फार टोचतो. पत्त्यांत चान्स घेतात. इथे डाव लागतो तो ८.२ हिमोग्लोबिनवर उभ्या असलेल्या पोरीचा.

मुलगा की मुलगी हे नवऱ्याच्या बीजावर ठरतं आणि दर वेळी शक्यता निम्मी-निम्मीच असते. दोन मुली झाल्या म्हणून तिसऱ्या वेळी मुलाचं पारडं जड होत नाही. हे मी चित्र काढून सांगते. लोक मान डोलावतात, आणि बाहेर जाऊन औषध विचारतात. मुलगा होण्याचं औषध म्हणून विकलं जाणारं काहीही ताईच्या पोटात जाऊ देऊ नकोस, त्यात काय कालवलेलं असतं कोण जाणे. आणि तिसऱ्या वेळी दिवस गेले की ‘बघून घेऊ’ असं कुणीतरी म्हणणारच. गर्भलिंग तपासणी १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागे ८०७ मुली उरल्या होत्या, दहा वर्षांपूर्वी ८९४ होत्या. या आकड्यामागे पाचव्या महिन्यात कुठल्यातरी खोलीत पोट खाली केलेल्या बायका आहेत. त्यांतल्या काही शेवटी माझ्यापर्यंत आल्या, थंड पडलेल्या, डोळे पांढरे झालेल्या. सगळ्या वाचल्या नाहीत.

एक व्यावहारिक गोष्टही घरात सांगून बघ, काही घरांत तीच पटकन पटते. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. तुझ्या दाजींना राजकारणाची हौस असेल तर हा मुद्दा कामाला येईल.

पण घरचे काय म्हणतात हे सगळं ऐकून झाल्यावरही एक प्रश्न उरतो, आणि तुझ्या एवढ्या लांब पत्रात त्याचं उत्तर नाही. ताईला काय हवंय? मी दवाखान्यात एक करते. सासू किंवा नवरा सोबत असेल तर त्यांना केसपेपर आणायला बाहेर पाठवते, दार लोटून घेते आणि बाईला विचारते. बहुतेक जणी आधी पदराच्या टोकाशी खेळतात. कुणी म्हणते, ‘ते म्हणतील तसं.’ मी गप्प बसते. मागच्या वर्षी वडवणीकडची एक पोर आली होती, ताईच्याच वयाची, तिलाही दोन मुली. तीही अशीच गप्प बसली, आणि मग म्हणाली, ‘बाई, मला ना लेकरू पायजे ना काई. मला दोन वर्सं नुसतं झोपायचंय.’ तिच्या कागदावर मी तेव्हा ‘तीव्र थकवा’ असं लिहिलं. पण ते उत्तर अजून डोक्यातून गेलेलं नाही. तू नर्सिंगला आहेस, ताईची सख्खी बहीण आहेस. हा प्रश्न तूच तिला विचार, तोही सासरी नको, पंचमीला माहेरी येईल तेव्हा विचार. आणि तिने दिलेलं उत्तर बदलायला जाऊ नकोस.

तिला मूल नको असेल, किंवा निदान आत्ता नको असेल, तर हंगामाला जाताना तिच्याजवळ गर्भनिरोधक साधन हवं. साधी तांबी मी तिला आत्ता बसवणार नाही, कारण आधीच रक्त जास्त जातंय आणि तांबीने काही महिने ते वाढू शकतं. ‘छाया’ची गोळी तिला मानवेल असं वाटतं: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. तिने पाळीही सहसा कमी होते. उपकेंद्रात फुकट मिळते, सहा महिन्यांची पाकिटं मागून घ्यायची. पण रक्तस्रावाचं कारण कळल्याशिवाय सुरू करायची नाही. ‘अंतरा’चं इंजेक्शन तीन महिन्यांनी घ्यावं लागतं आणि फडावर ते कोण देणार, हा प्रश्न येतो. एक डोस निघताना आणि दुसरा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, असं जमवणाऱ्या बायका आहेत, पण कमी. दोघांचं कायमचं ठरलं तर नसबंदी दाजींनीही करता येते, बिनटाक्याची, पंधरा-वीस मिनिटांची. त्यानंतर तीन महिने दुसरं साधन वापरून वीर्य तपासून घ्यायचं. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित बायकांनी ऑपरेशन करून घेतलंय आणि पुरुषांचं प्रमाण शंभरात एकसुद्धा नाही. मोळी उचलायला दोघं लागतात, इथेच तेवढी एकटी बाई.

साधन चुकलं आणि नको असताना दिवस गेले, तर मेडिकलवरून गोळ्या आणून कोपीत घ्यायच्या नाहीत. अठरा वर्षांवरील बाईला गर्भपातासाठी फक्त स्वतःची सही लागते. नवऱ्याची लागत नाही, सासूची तर नाहीच. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने होतो, काही ठरलेल्या परिस्थितींत २०२१ च्या दुरुस्तीनंतर दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत. आठ आठवड्यांच्या आत आली तर फार सोपं जातं.

आणि तिला मूल हवं असेल, मुलगा-मुलगी काहीही, तिसरं लेकरू हवंच असेल, तर तेही तिचं म्हणणं आहे आणि मी त्याला मदत करीन. मग हिशेब मांडू. खाली झाल्यावर निदान सहा महिने थांबायला सांगतो, ते होत आले आहेत. पण हिमोग्लोबिन ११ च्या वर गेल्याशिवाय नको. गरोदरपणात रक्त पातळ होतं, ८ ची ६ व्हायला वेळ लागत नाही, आणि बाळंतपणात दुसरी बाई जेवढं रक्त सहन करते तेवढं हिला सहन होणार नाही. राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटेनासं झालंय. ताईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघ. मक्याच्या कणसाच्या आतल्या पानासारखी फिकी असेल. ती तुझ्या पापणीसारखी गुलाबी दिसेपर्यंत थांबायचं.

लोहाच्या लाल गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, मिळतात आणि उकिरड्यावर सापडतात. मळमळ होते, शी काळी होते, म्हणून टाकून देतात. काळी होणारच, घाबरायचं नाही. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यायची. लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्यायची, चहासोबत कधीच नाही, आणि पुढे कॅल्शियमची गोळी सुरू झाली तर दोन्हींत काही तास ठेवायचे. नेटाने घेतली तर महिन्याला साधारण एक ग्रॅम वाढतं, म्हणजे दसऱ्यापर्यंत साडेदहाच्या आसपास. तेवढा धीर नसेल तर शिरेतून लोहाचं सलाइन ग्रामीण रुग्णालयात देतात. जंताची गोळी आधी. दिवस जायच्या आधीपासून फॉलिक ॲसिड सुरू हवं, कारण बाळाचा मणका पहिल्या चार आठवड्यांतच बंद होतो, तेव्हा पाळी चुकल्याचंही पुरतं कळलेलं नसतं. मिश्री लावत असेल तर सोडायला सांग. मुंबईतल्या बायकांच्या अभ्यासात गरोदरपणात तंबाखू खाणाऱ्या-लावणाऱ्यांच्या बाळांचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास कमी भरलं होतं, आणि पोटात बाळ दगावण्याचा धोकाही वाढतो. दाजी गुटखा खात असतील तर त्यांचंही तेच. बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तेव्हा आज सोडला तर पुढच्या सणाला फरक.

आत्याचा मुलगा, म्हणून एक वेगळी तपासणी सुचवते. नात्यात लग्न झालं की बाळात जन्मतः दोष असण्याची शक्यता शंभरात दोन-तीनवरून चार-सहापर्यंत जाते. म्हणजे चौऱ्याण्णव-शहाण्णव बाळं नीटच असतात, आणि दोन मुली ठणठणीत आहेत, तेव्हा धसका घेऊ नका. फक्त थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी दोघांचं रक्त एकदा तपासून घ्या. रक्तक्षय लोहाने भरून येत नसेल तर ते तसंही करावं लागेल.

महिन्यांचा हिशेब मात्र मी कितीही मांडला तरी बसत नाही. कार्तिकात दिवस गेले तर पहिले सहा महिने फडात, आषाढ-श्रावणात बाळंतपण आणि दोन-तीन महिन्यांचं लेकरू घेऊन पुन्हा कोपीत. माघात गेले तर बाळंतपणच फडावर. श्रावणात गेले तर अख्खं पोट मोळ्यांखाली. सहा महिन्यांचा हंगाम आणि नऊ महिन्यांचं गरोदरपण, मग बाळंतिणीचे महिने. एक हंगाम सोडल्याशिवाय सुखरूप बाळंतपण नाही. म्हणून मी माझ्याकडच्या जोडप्यांना सांगते, मुलाचा निर्णय दवाखान्यात घेऊ नका, उचल घेताना घ्या. पुढच्या वर्षी मूल हवं असेल तर उचल कमी घ्यायची, दाजींनी भावासोबत किंवा चुलतभावासोबत कोयता लावायचा, ताईने घरी राहायचं. उचल पूर्ण कोयत्याची घेऊन बसलं की मग बाईचं पोट पुढे आलेलं असलं तरी तिला जावं लागतं, आणि पाचव्या महिन्यात फडात अंगावरून जायला लागलं की कुणाला दोष द्यायचा?

ताईचं लग्न १७ व्या वर्षी का झालं, याचं उत्तरही इथेच आहे. आई-बाप फडावर, वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? आणि लग्न केलं की एक नवा कोयता तयार. बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या शंभर बायकांत चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. ज्या वयात कंबरेची हाडंही पुरती भरलेली नसतात त्या वयात पहिलं बाळंतपण, मग दुसरं, मग ऑपरेशन, आणि तिशीच्या आत पिशवी. थोरली सहा वर्षांची आहे म्हणालीस. ती हंगामात कुठे असते, शाळेत की कोपीत धाकटीला सांभाळत? हे मला पुढच्या वेळी कळव. गावात हंगामी वसतिगृह असेल तर तिचं नाव आत्ताच घाल.

आता या आठवड्यात काय करायचं ते लिहून घे. पाळी संपली की दोन-तीन दिवसांनी ताईला आतून तपासणाऱ्या डॉक्टरकडे ने, ग्रामीण रुग्णालय, अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय, कुठेही. दाजींना सोबत ने. जंतू निघाले तर गोळ्या दोघांनी घ्यायच्या असतात, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच, आणि संसर्ग वर चढून नळ्या बंद झाल्या तर पुढे लेकरू हवं असूनही होणार नाही. आदल्या रात्री संबंध नको, तपासणी बिघडते. लघवीची गर्भतपासणी, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, थायरॉइड, आणि सोनोग्राफी पुन्हा करायची तर खालून. जुना कागद टाकू नका. दाखल करायची किंवा आगाऊ पैसे भरायची भाषा निघाली तर उठून यायचं आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं. तासाला एक कापड भिजायला लागलं किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधार आला, तर मात्र थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

तपासून रिपोर्ट हातात आले की तिच्या तब्येतीने तिला यंदा मोळ्या उचलता येतील का, ते तिथल्याच डॉक्टरकडून कागदावर लिहून घे. नसेल उचलता येत, तर तो कागद दाजींच्या हातात दे. मुकादमाला, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराला, फोन त्यांनी करायचा, ताईने नाही, आणि तोही पोळ्याच्या आत, म्हणजे त्याला दुसरा जोडीदार बघायला वेळ मिळेल.